डबीवरची हाक

"सुरुवातीला 'अहो' घाल," टेंबेकाका म्हणाले. "तिन्ही स्टिकरवर."

स्टिकर गोळ्यांच्या डब्यांसाठी होते. मी टाइप केलं होतं, 'प्रेशर, जेवणाआधी'. 'अहो' घातलं आणि अक्षरं कापायच्या रेषेच्या बाहेर गेली. बारीक केली, तर काकांना वाचता येईनात. तासभर झाला, फाईल छपाईला जाईना. मी वैतागले.

"काका, एक शब्द काढावाच लागेल. 'अहो' काढू?"

"प्रेशर काढ. गोळ्या मला रंगावरून कळतात." ते स्क्रीनकडेच बघत होते. "ही गेल्यापासून घरात हाक मारणारं कोणी नाही."

मी 'प्रेशर' पुसलं. जागा झाली.

"झोपतानाच्या डबीवर दोनदा घाल," ते म्हणाले. "पहिल्या हाकेला मी कधीच ओ दिली नाही."