म्यूरियलचा लाल ठिपका

दुकानात दुरुस्तीला आलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष नाही, हे एनॉकच्या ध्यानात एव्हाना आले होते. तरीही त्याने काचेच्या नळीसारखा शेवटचा व्हॉल्व्ह पुन्हा उपसला आणि त्याच्या जागी फळीवरचा नवा बसवला.

आवाज तसाच राहिला.

"बघ, मी म्हणत नव्हते?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्यूरियल बोलली. केटली उकळत होती. तिचे शब्द टिपण्यासाठी एनॉकला पुढे वाकावे लागले. "गेल्या वर्षी याची गिटार छताला भिडायची. आता नुसती कण्हते."

"मला तर झकास ऐकू येतंय," तिचा नवरा क्लिफर्ड म्हणाला. त्याच्या चष्म्याची काडी सैल झाली होती, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने तो ती पिळत बसला होता. "राहू दे, एनॉक. म्हातारा जीव आहे. दमतो आपल्यासारखा."

"दमत असशील तू!" म्यूरियलने मफलर सारखा केला आणि खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात नेली. "हे दुरुस्त झालं नाही, तर या शनिवारी मी गाणार नाही, सांगून ठेवते. मुक्या गिटारपुढे उभी राहून करू काय?"

क्लिफर्डचा हात थांबला. बार्न्सलीच्या खाणकामगारांच्या क्लबात दर शनिवारी म्यूरियल गाई आणि तिच्या मागे उभा राहून क्लिफर्ड गिटार वाजवी. खाणी मिटल्या, श्रोते पांगले; तो शनिवार मात्र उभयतांनी देवघरातल्या दिव्यासारखा तेवत ठेवला होता.

एनॉकलाही हे ठाऊक होते. यंत्र उघडण्यापूर्वी हात धुणारा तो मनुष्य. त्याने क्रम सोडला नव्हता. तारांची तोंडे स्वच्छ केली. स्पीकर बदलून पाहिला. एकेका व्हॉल्व्हवर पेन्सिलीचे टोक हलकेच आपटून कान दिला. प्रत्येक टप्प्यावरचा विद्युद्दाब मोजला, तोही यथायोग्य निघाला. अखेर आवाजाचे बटण त्याने शेवटपर्यंत फिरवले आणि क्लिफर्डने तार छेडली, तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या पर्सी खाटकाने भिंतीवर मूठ हाणली.

"अरे, दुकान आहे की तोफखाना?"

"तुझ्या सॉसेजपेक्षा निरुपद्रवी आहे!" एनॉक ओरडला.

मग त्याने बटण पूर्ववत लाल ठिपक्यावर आणले. पट्टीवरचे आकडे केव्हाच झिजले होते. उरला होता तो म्यूरियलने नखरंगाने काढलेला ठिपका. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात तिने तो काढला होता, आणि आजही गाण्यापूर्वी वाकून ती बटणाची खूण त्यावर आहे ना, हे पाहून घेई.

"याच्यावर विसंबले, तर माझी दया येऊन हा बारीक वाजवेल," ती म्हणाली. "जिला नवऱ्याची गिटार कमी करून घ्यावी लागते, तिनं घरी बसून बटाटे सोलावेत."

क्लिफर्डने ठिपक्यावर वाजवून दाखवले. त्या चिंचोळ्या दुकानाला तो स्वर पुरेसा होता. म्यूरियलने मात्र खिन्नपणे मान हलवली.

यंत्र निरोगी आणि ऐकणारी असमाधानी, तर मग उरले काय? चहात साखर किती घालू, हे मघाशी त्याने तिला दोनदा विचारले होते. उत्तर त्याच्या कानी आलेच नव्हते. क्लिफर्डचे ते 'राहू दे, राहू दे' त्याला आता उमगले. बिचारा झाकून नेत होता.

"मी पर्सीची समजूत काढून येते," म्यूरियल उठली. "आणि सॉसेजही आणते."

दार लागताच एनॉक हलक्या स्वरात म्हणाला, "क्लिफ, तिचे कान तपासून घेतलेस का रे?"

क्लिफर्ड दचकला. "कानांचं काय मधेच?"

"माझ्यापासून काय लपवतोस? मी एक करतो. बटण काढतो आणि आतल्या दांड्यावर जरासं फिरवून पुन्हा घट्ट करतो. खूण ठिपक्यावरच दिसेल, पण गिटार मोठी वाजेल. तिचं समाधान होईल, शनिवारी गाईलही. कुणाला कळणार नाही."

"नको!" क्लिफर्ड उठला, पण तोवर एनॉकने स्क्रू सैल करून बटण उपसले होते.

आतील पितळी दांड्यावर स्क्रूच्या टोकाने पाडलेला जुना, काळवंडलेला खळगा होता. त्याच्या शेजारी दुसरा होता, ताजा आणि चकचकीत. त्यापलीकडे आणखी एक, मग आणखी. दबकत चालणाऱ्याच्या पावलांसारखे ते सारे एकाच दिशेने सरकत गेले होते.

एनॉकने बटण दांड्याशी धरून पाहिले. ती दिशा आवाज कमी करण्याची होती; खूण ठिपक्यावरच, गिटार मात्र दर वेळी जराशी बारीक.

त्याने स्क्रू उजेडात धरला. अपुऱ्या हत्याराने पुनःपुन्हा पिळल्यामुळे त्याची खाच कुरतडल्यासारखी झाली होती. एनॉकची दृष्टी सावकाश मेजावरच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे वळली, आणि तेथून क्लिफर्डच्या मुखाकडे.

क्लिफर्डने चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिला.

"कान शाबूत आहेत रे तिचे," तो म्हणाला.

भिंतीपलीकडून पर्सीचा खडा आवाज आला, "जरा मोठ्यानं बोल की, म्यूरियल! हल्ली तुझं एक अक्षर ऐकू येत नाही!"