बारा मिनिटांचं माहेर

मिरजेच्या दत्तमंदिरात बुवांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला, त्यांच्या गळ्यात हार पडला आणि तेवढ्यात शाल्मलीला टोरांटोहून नवऱ्याचा फोन आला.

"अगं, निघालीस का? पाहुणे जेवायला येताहेत. आई खोळंबलीय."

"उत्तररंग ऐकायचाय, वरद. आज इथंच राहते."

"राहतेस? विमानाने बारा मिनिटांवर तर घर आहे! राहायचं कशाला?"

मिरज-टोरांटो विमान बारा मिनिटांत पोचू लागलं, तेव्हा लेक जवळ आली म्हणून शाल्मलीच्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. लेक दर आठवड्याला यायची खरी, पण चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच परत निघायची. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी आईच्या कुशीत ती एक रात्र निजली नव्हती. पूर्वी साता समुद्रापलीकडच्या मुली महिना महिना माहेरी राहायच्या म्हणे.

शेजारी बसलेली आई पुटपुटली, "जा बाई. उगाच वाद नको."

ते ऐकून शाल्मलीच्या डोक्यात तिडीक गेली.

"वरद, तिकडून इकडेही बारा मिनिटंच लागतात ना? मग आईंना आणि पाहुण्यांना घेऊन तूच ये. पिठलंभात केलाय."

तिने फोन बंद केला. बुवांनी आख्यानाला सुरुवात केली.

"येतील का गं सगळे?" आईने घाबरून विचारलं.

"आले तर भात वाढव," ऐसपैस मांडी घालत शाल्मली म्हणाली. "नाही आले, तरी मी आठ दिवस इथून हलत नाही."