पाहणारे, ऐकणारे, करणारे

राजवर्धन सरांनी निकालाचा कागद तिसऱ्यांदा पाहिला. वर्गात मुलं अठ्ठेचाळीस. मागच्या सेमिस्टरपेक्षा गुण घसरले सत्तेचाळीस जणांचे. वाढले एकीचेच, सणसरहून येणाऱ्या स्वप्नालीचे. बासष्टवरून थेट एक्क्याऐंशी.

हे उलटं व्हायला हवं होतं. सेमिस्टरच्या सुरुवातीला सरांनी बारामतीच्या कॉलेजातल्या या वर्गाकडून, कोण कसं शिकतं हे ओळखायला, वीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. ‘यात चूक-बरोबर काही नाही’ असं बजावूनही मागच्या बाकांनी तो एकमेकांचा बघूनच भरला. मग सरांनी वर्गाची वाटणी केली. पाहून शिकणाऱ्यांना रंगीत तक्ते, करून शिकणाऱ्यांना प्रयोग, ऐकून शिकणाऱ्यांना रेकॉर्डिंग. स्वप्नाली ऐकणारी निघाली. लिहिण्यात तिचं लक्ष जातं, म्हणून सरांनी तिला पेन खाली ठेवायला सांगितलं. तिनं ठेवलं.

‘ज्याला त्याला त्याच्या शैलीनं शिकवलं की गुण वाढतात’ हे वाक्य सरांच्या शोधनिबंधात आधीच लिहून तयार होतं. आकडे तेवढे भरायचे राहिले होते. आणि सरांची बढती त्या निबंधावर अडली होती.

तेवढ्यात सोनबा दारात आला. गेटसमोरचं झेरॉक्सचं दुकान त्याचं.

“सर, त्या सणसरच्या पोरीचं लगीन झालं का वो?”

“नाही. का?”

“मग वही का न्हाय आली तिची? दर परीक्षेच्या आधी एक वही यायची, सत्तेचाळीस सेट काढायचो. औंदा पोरं नुसती दुकानात डोकावून गेली. ‘आली का वही, सोनबाआबा?’ म्हणून.”

सरांनी गुण घसरलेली नावं पुन्हा मोजली: सत्तेचाळीस. मग त्यांनी स्वप्नालीला बोलावून घेतलं.

“पुढच्या सेमिस्टरपासून वर्गात परत लिहीत जा.”

“सर, लिहीत होते तेव्हा मला बासष्ट पडायचे. आता नुसती ऐकते, तर एक्क्याऐंशी. माझं तर तुमच्यामुळंच भलं झालं. बाकीच्यांचं तुमी बघा की.”

सरांनी निकालाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

“बरोबर आहे. ऐकतच राहा. जा.”

ती गेल्यावर त्यांनी निबंधातलं ते वाक्य खोडलं. मग वर्गाच्या वाटणीचा तक्ता पुढं ओढला आणि सत्तेचाळीस नावांपुढचं ‘पाहून’, ‘ऐकून’, ‘करून’ एकेक करत खोडून काढलं. शिकण्याच्या शैलीचा रकाना एक ओळ सोडून मोकळा झाला. त्यात वरपासून खालपर्यंत त्यांनी एकच शब्द लिहिला: स्वप्नाली.