एका लुगड्याएवढं गवत

तानीबाई दुधगंगेत गुडघाभर पाण्यात उभी होती. गंगव्वा डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्यांचा भारा घेऊन घाट उतरत होती.

"पोरी, हितं धुऊ नगंस," तानीबाई म्हणाली.

गंगव्वानं भारा काठावर टाकला. काखेतली झोपलेली पोरगी पायवाटेवरच, चिंचेच्या सावलीत जुन्या लुगड्याच्या धडप्यावर निजवली.

"मग कुटं धुऊ, आक्का? चाळीस पोती हायत. तंबाखू काढायला झालाय. खाली आंथरायला तळवट शिवायचंय."

पोती नव्या तऱ्हेची, प्लॅस्टिकची. बोरगावात आता सगळ्यांची तळवटं त्यांचीच. शिवणीत युरिया अडकून राहायचा, म्हणून आधी धुवायची. आणि धुवायची ती याच डोहात.

"हितं गवत हाय," तानीबाई म्हणाली. "पाण्याखाली बघ."

"खतानं गवत वाढतं का मरतं?" गंगव्वा हसली. "तुझा जन्म मासं धरण्यात गेला. शेतातलं आमाला इचार."

"खतानं आधी शेवाळ माजतं. ते वर पसरतं. मग खालच्या गवताला ऊन मिळत न्हाय, ते जागच्या जागी कुजतं. दोन सालामागं हे गवत बंधाऱ्यापातूर हुतं. आता एका लुगड्याएवढं उरलंय. झिंगे त्यातच, बारकी मासळी त्यातच. ते गेलं की माझी जाळी खुंटीला."

"नदी काय तुझ्या बाच्या नावावर हाय?"

"न्हाय गं. म्हणून तर सांगाय लागतंय."

तानीबाई बाहेर आली. भाऱ्यातलं एक पोतं ओढून तिनं उलटं केलं, कोपरा झटकला आणि ओलसर खडे गंगव्वाच्या तळहातावर ठेवले. ओल्या युरियाचा गारवा गंगव्वाच्या तळहाताला लागला.

"हे तुझ्या उसाचं," तानीबाई म्हणाली. "नदीला कशाला घालतीस?"

मग तिनं आपल्या बादलीतली मासळी टोपलीत ओतली आणि बादली पाण्यानं भरली. पोतं त्यात चार वेळा बुचकळलं, पिळलं, दगडावर पसरलं. बादली उचलून ती घाट चढू लागली.

"आगं, पोरीला ओलांडू नगंस!" गंगव्वा ओरडली. "वाढ खुंटंल तिची."

तानीबाई आधीच वाट सोडून काट्यातून वळसा घालून गेली होती. वर गंगव्वाच्या उसाच्या सरीत तिनं बादली ओतली आणि खाली आली.

"असल्या चाळीस खेपा कोण करणार?"

"मी."

"म्हातारे, मरशील."

"चाळीस खेपांनी? बरी मरंन."

गंगव्वा चिंचेला टेकून बसली. म्हातारी आत्ता थकेल, मग थकेल, असं बघत राहिली. पोतं, बादली, घाट, सरी. येताना रिकामी बादली, जाताना भरलेली. दर खेपेला झोपलेल्या पोरीभोवती तोच वळसा, त्याच काट्यांतून. पिंडऱ्या ओरबाडल्या होत्या. बाराव्या खेपेला तानीबाई मधल्या पायरीवर थांबली. बादली खाली न ठेवता तिनं मोकळ्या हातानं गुडघा चोळला. पाणी हिंदकळून पायरीवर सांडलं आणि नदीकडं ओघळायला लागलं. तिनं ते पायानं अडवलं, मूठभर माती घातली आणि पुन्हा चढली.

गंगव्वा उठली.

"आण हिकडं ती बादली. तू नुसती पोती बुचकळ."

"तुझं काम खोळंबंल."

"खोळंबू दे. गप बस आता."

बादली भरायला गंगव्वा पाण्यात उतरली. सवयीनं ती सरळ धुण्याच्या दगडाकडं निघाली होती, पण मध्येच थांबली. ऊन तळापर्यंत पोचलं होतं. खाली हिरवा पट्टा हळूहळू हलत होता, आणि पात्यांमधनं बोटाएवढे मासे आत शिरत होते, बाहेर येत होते. इतकी वर्षं याच पाण्यात तिनं धुणं धुतलं होतं. वाकून ती बघत राहिली. बादली भरायची राहून गेली.

काठावर पोरगी जागी होऊन रडायला लागली. गंगव्वानं वर येऊन तिला कडेवर घेतलं.

एवढ्यात तिची धाकटी जाऊ जयाबाई दुसरा भारा घेऊन घाट उतरली आणि थेट पाण्यात शिरली. धुण्याचा दगड समोरच होता. मध्ये गवताचा तेवढा पट्टा. तिनं पाय उचलला.

"जये, थांब!"

जयाबाई तशीच उभी राहिली. "काय झालं? पाय पडला का कुणावर?"

"वळसा घालून ये," गंगव्वा कडेवरच्या पोरीला थोपटत म्हणाली. "ओलांडू नगंस."