मॉर्फिनआधीची विचारपूस

हाडांत उतरलेल्या कॅन्सरने मृणाल सकाळपासून कण्हत होती. दोन वाजत आले, तसं मिलिंदने बायकोला चौथ्यांदा बजावलं, "या वेळी फक्त 'दुखतंय' म्हण. बाकी पाल्हाळ नको."

वेदनाशामकांच्या व्यसनाची साथ आल्यापासून उशाशी बसवलेलं यंत्र रोज दुपारी दोनला एकदाच विचारी आणि रुग्णाने स्वतः 'दुखतंय' असं सांगितल्याशिवाय मॉर्फिनचा थेंब सोडत नसे.

"काकू, कसं वाटतंय?" यंत्राने अदबीने विचारलं.

मृणालने कण्हणं गिळलं, केस सारखे केले. "बरं आहे हो. तुम्ही कसे आहात?"

यंत्राने मॉर्फिनची नळी बंदच ठेवली.

"अहो, खोटं बोलतेय ती. द्या ना," मिलिंद काकुळतीला आला.

"नातेवाइकाला व्यसन असण्याची शक्यता," यंत्राने नोंदवलं. "आता उद्या विचारू."

"आल्यागेल्याशी असं बोलतात का रे?" मृणाल दात आवळून नवऱ्याला म्हणाली.