चालायची सवय

प्रोस्टेटचा कॅन्सर कोंडाजींच्या हाडांपर्यंत पोचलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं तरी त्यांची बायको विठाबाई ऐकायला तयार नव्हती.

"यांना विडी नाही, दारू नाही, डॉक्टर. आमच्या अक्षयचं लग्न झाल्यापासून तर दिवसातून चार-चार वेळा हेंद्रेपाड्यातून नदीपर्यंत चालत जातात. पाऊस असला तर छत्री घेऊन जातात. हे वाचतील ना?"

"चालणं चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण लघवीचा त्रास बराच जुना दिसतोय. घरात कुणालाच कसा कळला नाही?"

विठाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. कोंडाजी मान खाली घालून बसले होते.



"एका खोलीचं घर. सुनेसमोर सारखं सारखं बाथरूमला कसं जायचं, म्हणून नदीवर जायचो."