एकोणतीस रुपये

बद्रीनाथनं हिशेब तिसऱ्यांदा मांडला आणि तिसऱ्यांदाही एकोणतीस रुपयेच आले. औरंगाबादच्या कॉलेजची फी आणि पहिल्या महिन्याची खानावळ मिळून चोवीस. म्हणजे पाच रुपये वरच. मॅट्रिकचा निकाल कालच लागला होता. फी भरायला आठ दिवस उरले होते, पण गाठीला एकोणतीस रुपये असणाऱ्याला घाई कसली?

पैसे मात्र जालन्यात त्याच्याजवळ नव्हते, पिंपळगाव रेणुकाईला आईकडे होते. ही त्याचीच युक्ती. हातात आलेला पैसा हातात राहत नाही, हे जालन्याला शिकायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हा नुसत्या फुटाण्यांवर तीन आणे गेले होते.

सुट्ट्यांचे महिने सोडले तर तीन वर्षं तो कापडवाल्या कचरूलालच्या घरी जेवत होता. कचरूलालची आई संतोषबाई घरातली कर्ती बाई. जैनांचं घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत ताटावर बसावं लागे. शाळा सुटली की बद्रीनाथ पळतच यायचा. जेवणाचे पैसे संतोषबाईंनी त्याच्याकडे कधी मागितले नाहीत. अन्न विकलं तर घराची बरकत जाते, असं त्या म्हणायच्या.

पहिला महिना असाच गेला. दुसऱ्या महिन्यात संतोषबाईंचे डोळे एकाएकी अधू झाले. पोथीतलं अक्षर दिसत नाही म्हणाल्या. रोज जेवणानंतर थोडा वेळ वाचून दाखव, महिन्याला एक रुपया देईन. बद्रीनाथला आभाळ ठेंगणं झालं. एकाच गोष्टीचं त्याला नवल वाटायचं. पोथी न दिसणारी ही म्हातारी तुरीच्या डाळीतला मोहरीएवढा खडा बरोब्बर टिपायची. पण महिन्याला रुपया देणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा कोण घेत बसतो?

पहिला रुपया हातात पडला तेव्हा त्यानं कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं त्या निजामी नाण्यावरच्या चारमिनारच्या कडेला बारीक ‘ब’ कोरला. पहिली कमाई, माय ती रेणुकाईदेवीपुढं ठेवील. गावचा गाडीवान पुंजाराम महिन्यातून एकदा धान्यबाजारात, मोंढ्यात, माल घेऊन यायचा, त्याच्या हाती तो गावी धाडला. पुढचे रुपये माझ्या हातात देऊच नका, परस्पर पुंजारामकडे द्या, असं त्यानं संतोषबाईंना सांगून ठेवलं. त्यांना ते फारच पसंत पडलं.

पुंजाराम जालन्यात शिरताना एकदा आणि निघताना एकदा त्यांच्या ओसरीवर टेकायचा. ताकाचा लोभी, असं म्हणून बद्रीनाथ त्याला हसायचा.

वह्या-पुस्तकांची उधारी त्यानं वेगळी फेडली. सुट्टीच्या दिवशी कचेरीबाहेर बसून तो खेड्यापाड्यातल्या लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचा, अर्जाला दोन आणे. गेल्या महिन्यात पुस्तकवाल्यानं त्याचं खातं बंद केलं. अठराव्या वर्षी कुणाचं देणं नाही आणि वर एकोणतीस रुपये शिल्लक. बद्रीनाथ स्वतःवर खूश होता, आणि त्यात काही चूकही नव्हती.

पुंजारामच्याच गाडीतून तो गावी गेला. एरवी तोंडाला कुलूप नसलेला पुंजाराम वाटेत फक्त बैलांशी बोलला.

सगुणाबाईनं लेकाच्या हातावर गूळ ठेवला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्यानं पैशाचं काढलं, तशी ती खालीच बसली.

“रुपये न्हाईत, बद्री.”

“खर्चा झाला का, माय?”

“खर्चा न्हाई केला. तू लोकाच्या घरी फुकट जेवून राह्यला, हितं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पहिल्या महिन्याला खुरपणीचा रुपया त्या बाईला धाडला. मंग तुझा रुपया आला की त्योच पुंजारामच्या हाती लावून देत गेले. तुला सांगू नको म्हन्ले त्याला.”

आईवर त्याला रागावता येईना. सगळा राग वळला तो संतोषबाईंवर. अन्न विकत नाही म्हणणारी बाई! पुढ्यात वाढताना तोंडभर बेटा बेटा करायची आणि मागच्या दारानं रुपया घ्यायची. परतीच्या वाटेवर औरंगाबाद त्याला विलायतेइतकं लांब वाटू लागलं.

तो जालन्यात पोचला तेव्हा दिवस मावळायचा होता. संतोषबाई ओसरीवर बसून सुईत दोरा ओवत होत्या. त्याला पाहून त्यांनी आत ताट वाढायला सांगितलं. तो बसला नाही.

“बाईजी, माय माझ्या जेवणाचे पैसे धाडत होती. तुम्ही घेतले.”

“घेतले,” संतोषबाई शांतपणे म्हणाल्या. “न घेते तर तिनं तुला जेवू दिलं नसतं. तसा निरोपच आल्ता तिचा.”

त्या उठल्या. देवाच्या कोनाड्यातून हळदीनं पिवळी पडलेली एक पुरचुंडी आणून त्यांनी त्याच्या हातात दिली. मागच्या फेरीला पुंजारामनं आणून दिलेली, म्हणाल्या. त्यानं गाठ सोडली. एकच रुपया निघाला. उजेडाकडे धरला, तर चारमिनारच्या कडेला बारीक ‘ब’ होता, झिजून अर्धा उरलेला.

“हा तुझ्या मायनं पहिल्या महिन्याला धाडलेला, तिला परत दे,” असं म्हणत संतोषबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि पेटीपुढे बसल्या. “आता तुझ्या वाचनाचा पगार घे, बेटा. एकोणतीस महिन्यांचा बाकी आहे.”